छातीची फिजिओथेरपी, रत्नागिरी : पीसीडीवाल्यांनी नक्की जा

माझ्या भाचीला प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशिया, म्हणजेच पीसीडी आहे. श्वासनलिकेतले बारीक केस जन्मापासूनच नीट हलत नाहीत, त्यामुळे कफ आतच साचतो, बारा महिने ओला खोकला, नाक चोंदलेलं, कान वाहतायत. दिवस पूर्ण भरून जन्मली तरी ऑक्सिजन लागला होता, हृदयही उजवीकडे, आणि तरी एका ठिकाणी वर्षानुवर्षं दमा म्हणून पंपच देत राहिले!! शेवटी मुंबईला जीन टेस्ट झाली तेव्हा निदान लागलं. बहुतेकदा आईवडील दोघांकडून एकेक बिघडलेला जीन आला तरच हा आजार होतो.

आता क्लिनिकबद्दल. मॅडम अजिबात घाई करत नाहीत. आधी नेब्युलायझरने खारं पाणी, मग ते फुंकलं की थरथरणारं पेप यंत्र, मग हफ, म्हणजे चष्म्यावर वाफ सोडतो तसा तोंड उघडं ठेवून जोरात श्वास सोडायचा, आणि कफ वर आला की छातीत जो खरखर आवाज येतो तो आमच्या ताईला हात ठेवून ओळखायला शिकवला. पोर बरी असली तरी रोज करायचंच, आणि खोकला दाबणारं औषध स्वतःहून अजिबात द्यायचं नाही, कारण कफ बाहेर टाकायला तिच्याकडे खोकलाच आहे. आपल्याकडे पावसाळ्यात काही सुकत नाही, तर यंत्राचे भाग धुवून पूर्ण कोरडे कसे करायचे तेही करून दाखवलं.

जिना चढायला लागतो, लिफ्ट नाही. फोन करूनच जा.