मरणपंथाला लागलेलं शिंगरू: शेतावर न्यावं की संस्थेत ठेवावं?

रस्त्याकडेला एक शिंगरू उभं आहे. बरगड्या लांबूनही मोजता येतात, मान खाली, मागचे पाय लिदीने माखलेले. टपरीवाला सांगतो, मालक चार दिवसांपूर्वी सोडून गेला. तुमच्याकडे दोन एकर रान आहे, रिकामा गोठा आहे, टेम्पोवाल्याचा नंबरही आहे. टेम्पो शेताकडे वळवायचा की एखाद्या प्राणीकल्याण संस्थेच्या दवाखान्याकडे, हे त्या वेळी दहा मिनिटांत ठरवावं लागतं. म्हणून ते आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

मी हे दोनदा केलंय. पहिलं शिंगरू थेट घरी आणलं, ते चौथ्या दिवशी गेलं. दुसरी म्हणजे लग्नात नाचवायच्या घोडीची वर्षभराची पोर. ती आधी अठरा दिवस संस्थेत राहिली, मग आमच्याकडे सासवडजवळ आली आणि आज चार वर्षांची आहे. दोन जनावरांवरून नियम काढू नयेत हे मलाही कळतं. पण पहिलं का गेलं ते डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं, आणि निम्मं उत्तर त्यातच होतं.

आधी हे बघा: निवड तुमच्या हातात आहे का?

पोलिसांनी कारवाई करून जनावर ताब्यात घेतलं असेल, तर ते मुद्देमाल आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ मध्ये नियम आले. त्यांनुसार खटला चालू असताना असं जनावर पांजरपोळ, गोशाळा किंवा प्राणीकल्याण संस्थेच्या ताब्यात ठेवलं जातं. तुमचा गोठा कितीही चांगला असला तरी परस्पर घरी नेता येत नाही. तिथे जाऊन सेवा करा, चाऱ्याचा खर्च उचला, पुढे दत्तक मिळेल का ते विचारत राहा.

बेवारस असेल तर निदान पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पहिल्या दिवसाचे फोटो तारखेसह जपून ठेवा. हाडाडलेलं शिंगरू कुणाचंच नसतं. सहा महिन्यांनी अंगावर तुकतुकी आली की मालकाला ते अचानक आठवतं.

दुसरी अट रक्ताच्या तपासणीची. ग्लँडर्स हा घोड्या-गाढवांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो. नाकातून चिकट पिवळा स्राव, कातडीवर गाठी आणि त्या फुटून झालेल्या जखमा ही लक्षणं, पण काही जनावरं वरून धडधाकट दिसूनही रोग बाळगून असतात. यावर लस नाही. जनावरावर उपचार करायला परवानगी नाही; रोग पक्का झाला तर कायद्याने ते दयामरण देऊन नष्ट करावं लागतं. रक्ताचा नमुना पशुसंवर्धन खात्यामार्फत जातो आणि अंतिम शिक्कामोर्तब हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होतं. अहवाल येईपर्यंत शिंगरू वेगळं, बादली वेगळी, हातात मोजे. घरात लहान मुलं असतील आणि गोठा घराला लागून असेल, तर माझ्या लेखी हा प्रश्न इथेच संपतो: अहवाल येईपर्यंत घरी आणू नका.

पहिले दहा दिवस

उपाशी जनावर दिसलं की आपला हात गूळ-हरभऱ्याकडे जातो. माझाही गेला. भिजवलेला हरभरा, वर गूळ, संध्याकाळी गव्हाचा कोंडा. त्याने सगळं चाटूनपुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी इतकं तरतरीत दिसलं की आम्ही फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. तिसऱ्या दिवशी पाय थरथरायला लागले. चौथ्या दिवशी पहाटे ते आडवं पडलेलं होतं आणि मान उचलत नव्हतं.

झालं ते असं. बरेच आठवडे उपाशी राहिलेलं शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून जगतं. त्यात फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचा साठा तळाला जातो. मग एकदम पिष्ट आणि साखर पोटात पडली की इन्शुलिन उसळतं, आणि रक्तात उरलेले हे क्षारही पेशींमध्ये ओढले जातात. रक्तातलं प्रमाण कोसळलं की हृदय, श्वास, स्नायू सगळेच दगा देतात. धोक्याचे दिवस बहुधा तिसरा ते पाचवा, म्हणजे नेमके ज्या दिवशी आपण म्हणतो, 'आता सुधारतंय.' भूक त्याचा जीव घेत नव्हती, मी घातलेली चंदी घेत होती.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी उपासमार झालेल्या घोड्यांना वेगवेगळा आहार देऊन पाहिला, त्यात लसूण घास (अल्फाल्फा) सरस ठरला. त्यात पिष्ट कमी. प्रथिनं, फॉस्फरस, मॅग्नेशियम बऱ्यापैकी. त्यांची पद्धत अशी: साडेचारशे किलोच्या घोड्याला पहिले तीन दिवस दर चार तासांनी साधारण अर्धा किलो घास, चौथ्या दिवसापासून थोडं थोडं वाढवत आणि खेपा कमी करत दहाव्या दिवसापर्यंत पोटभर चाऱ्याकडे जायचं. शंभर-सव्वाशे किलोच्या शिंगराला त्याच हिशेबाने एका खेपेला एक-दोन मुठी पडतात. नेमकं माप डॉक्टरांकडून घ्या. आणि हे वजन वाळलेल्या घासाचं आहे. आपल्याकडे लसूण घास हिरव्या पेंढीने मिळतो आणि त्यात जवळजवळ चार पंचमांश पाणी असतं. सावलीत पसरून सुकवा. ढिगात राहून गरम झालेली पेंढी मात्र चुकूनही घालू नका, पोटशूळ उठेल. घोड्याला उलटी करता येत नाही, आत गेलेली चूक आतच राहते.

शेत आणि संस्था यांतला खरा फरक या वेळापत्रकात दिसतो. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०, आणि पहाटे २. तुमच्या घरी पहाटे दोनला कोण उठणार? पहिल्या रात्री सगळेच उठतात. चौथ्या रात्री 'आता बरंय की' म्हणून कूस बदलली जाते आणि सकाळी भरपाई म्हणून दुप्पट घातलं जातं. नोकरी करणारं जोडपं आणि दिवसाला दोन तास येणारा गडी, एवढ्यावर हे निभत नाही. पण संस्थेतही रात्री माणूस असतोच असं धरू नका. फोन करून 'तुमच्याकडे दवाखाना आहे का' एवढंच विचारण्यापेक्षा 'रात्री दोनचा घास कोण घालतं' हे विचारा. पलीकडे शांतता पसरली, तर तुमचा गोठा आणि त्यांचा तबेला सारखाच.

दुसरा फरक शिरेतून द्यायच्या सलाइनचा. डॉक्टर हाताशी असल्याशिवाय घरी ते करूच नये. मुंबईत परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय, आमच्या बाजूला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, तिकडे नागपूर, परभणी, उदगीरची महाविद्यालयं. यांच्यापासून तुम्ही किती दूर आहात ते किलोमीटरमध्ये मोजू नका, टेम्पोला लागणाऱ्या तासांत मोजा. सरकारी फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा नंबर आहे. पण बहुतेकांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो, घोड्यांची सवय असलेला डॉक्टर वेगळा शोधून ठेवावा लागतो.

बसलेलं जनावर उठवण्याच्या बाबतीत शिंगराला एक सवलत आहे. चारशे किलोची घोडी आडवी झाली तर झोळी आणि कप्पी लागते. शंभर किलोचं शिंगरू पोटाखालून जाड चादर घालून चार जण उभं करू शकतात. उठत नसेल तर दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, खाली भरपूर पेंढा. एवढं घरीही होतं. दिवसातून दोनदा तापमान घ्या: ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक, शिंगराचं थोडं वर असलं तरी घाबरायचं नाही. थर्मामीटरला दोरा बांधून त्याचा चिमटा शेपटीला लावा, नाहीतर तो पेंढ्यात शोधत बसाल.

संस्थेचीही दुसरी बाजू

जिथे आजारी घोडे एकत्र येतात तिथे आजारही एकत्र येतात. स्ट्रँगल्स म्हणजे जबड्याखालच्या गाठी सुजून पिकणं, ताप, नाकातून पू. संसर्गानंतर साधारण ३ ते १४ दिवसांत लक्षणं दिसतात, बादलीवरून आणि माणसाच्या हातावरून पसरतो. अशक्त शिंगराला तो झेपत नाही. नवीन जनावर निदान तीन आठवडे वेगळं ठेवतात का, ते स्वतः जाऊन पाहा. ओळीने बांधलेले घोडे एकाच हौदावर पाणी पीत असतील तर गेटवरूनच परत फिरा.

संस्था मुळात गाईंसाठी असेल तर एक विशेष धोका. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याला अगदी थोड्या मात्रेतही विष ठरतं; हृदयाचा स्नायूच निकामी होतो. गोशाळेतली मंडळी मायेने गाईच्या गव्हाणीतली मूठ शिंगराला देतात, त्यांना दोष काय देणार! पण तुमच्याही गोठ्यात पेंडीची पोती असतील तर हा धोका घरीही आहे. पोत्यावरचं लेबल वाचा, शंका आली तर घोड्यासमोरून पोतं हलवा.

जंताच्या औषधाची घाई दोन्हीकडे होते. लहान शिंगराच्या आतड्यात गोल जंतांचे गुंते असू शकतात. जोरकस औषधाने सगळे एकदम मेले तर त्यांच्याच गोळ्याने आतडं तुंबतं. मोक्सिडेक्टिनसारखं औषध तर अंगावर चरबी नसलेल्या शिंगराला विषारी ठरू शकतं. आधी लीद तपासा, मग औषध, तेही डॉक्टर सांगतील तेव्हाच. धनुर्वाताची सोय मात्र पहिल्याच दिवशी करून घ्या. जखमा असतील तर नक्कीच. घोडा धनुर्वाताला फार हळवा.

अकराव्या दिवसापासून

इथून पुढे मी आपल्या शेताच्या बाजूने बोलतो. पोटभर चारा चालू झाला, ताप नाही, रक्त निर्धोक आलं, की शिंगराला मोकळं रान, सावली, शांतता आणि रोज तीच ती माणसं हवी असतात. संस्थेतला सेवेकरी कितीही भला असला तरी त्याच्याकडे चाळीस जनावरं असतात. आमच्या पोरीला मोहरकीची (तोंडावर बांधायच्या दोरीची), खूर उचलून देण्याची, खराऱ्याची सवय घरी आल्यावरच लागली.

भराभर वाढवायचा मोह आवरा. अंग पुन्हा भरायला तीन ते सहा महिने, कधी जास्तही लागतात. घोड्याची अंगलट मोजायची १ ते ९ ची हेनेकी मोजपट्टी आहे, १९८३ ची. आमची १ वर आली होती. ५ वर आणायची, ७ वर नाही. वाढत्या हाडांवर एकदम वजन चढलं तर सांध्यांजवळची हाडाची टोकं सुजतात. रोज कोंड्यावर भर दिला तर फॉस्फरस वाढतो, कॅल्शियम मागे पडतं आणि हाडं ठिसूळ होतात. आमच्याकडचे एक आजोबा रोज विचारायचे, "पोर बसवू का पाठीवर?" पाठीचा कणा पुरता पक्का व्हायला पाचेक वर्षं लागतात. आजोबांना दरवेळी चहा दिला.

घरी एक गोष्ट हमखास बिघडते: एकटं शिंगरू. घोडा कळपाचा प्राणी. त्यात आपण त्याला लेकरासारखं वाढवतो. ते खांद्यावर पुढचे पाय टाकतं, बाही चावतं, आपण हसतो. तेच खेळ तीनशे किलोंचे झाले की हाड मोडतं. संस्थेत थोराड घोडी एक लाथ झाडून हा धडा एका दिवसात देते. तुमच्याकडे दुसरा घोडा नसेल तर निदान एखादी शेळी किंवा कालवड सोबतीला हवी, आणि लाडाला माप हवं.

तिसरा मार्ग म्हणजे पैसे देऊन रायडिंग क्लबच्या तबेल्यात ठेवणं. नालबंद, डॉक्टर, घोड्यांची जाण सगळं तिथे असतं. पण संसर्गाच्या भीतीने आजारी शिंगरू ते सहसा घेत नाहीत, घेतलं तर महिन्याचं बिल शहरातल्या फ्लॅटच्या भाड्याशी स्पर्धा करतं. बरं झाल्यावर विचार करा.

तर टेम्पो कुठे वळवायचा? शिंगरू स्वतःच्या पायावर उभं राहत असेल, घोड्यांचा डॉक्टर तासाभराच्या आत पोहोचत असेल, गोठा घरापासून आणि इतर जनावरांपासून लांब असेल, आणि रात्री उठणारी दोन माणसं नावानिशी सांगता येत असतील, तरच पहिल्या दिवसापासून शेतावर आणा. यातलं एक जरी नसेल तर आधी संस्था. मात्र सोपवतानाच लेखी घ्या की बरं झाल्यावर ते तुम्हाला मिळेल, किती दिवसांनी आणि कोणत्या तपासण्यांनंतर. आम्ही हे तोंडी ठेवलं होतं, त्यामुळे अठराव्या दिवशी ऑफिसात तीन तास बसावं लागलं.

घरी आणायच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांकडून एक शेळी महिनाभराच्या बोलीवर आणली होती. घोडी चार वर्षांची झाली, शेळीला तीन वेळा करडं झाली, आणि शेजारी अजून दर पाडव्याला विचारतात, "आमची शेळी कधी देताय?"