अभिनयाकडे परतताना माझे ९१,६८० रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून

आकडा आधी सांगून टाकतो. नोंदणी १,१८० रुपये. पोर्टफोलिओ १७,७००. ‘आर्टिस्ट कार्ड’ ७,५००. वर्कशॉप ३५,४००. कॉस्च्युमचं डिपॉझिट, म्हणे परत मिळणारं, २४,०००. करारनामा आणि एनओसी ५,९००. बेरीज ९१,६८०. सात आठवड्यांत सहा वेळा पैसे गेले आणि सहाही वेळा यूपीआयचा पिन मीच टाकला. हा आकडा घरी सांगायला मला अकरा दिवस लागले.

अभिनयाचं काम देतो म्हणून पैसे उकळण्याचे प्रकार कसे चालतात हे ढोबळमानाने सगळ्यांना ठाऊक असतं. फेसबुकवर जाहिरात, मग फॉर्म, मग ‘सर, तुमचं प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालंय’ असा फोन, आणि पुढे एका शुल्कामागून दुसरं. मलाही ठाऊक होतं. पण असं फसतात ती हिरो व्हायला निघालेली पोरं, अशी माझी समजूत होती. या जाहिरातीत हिरो नव्हताच. ‘मराठी मालिकेसाठी वडील, सासरे, मुख्याध्यापक, न्यायाधीश. वय ५० ते ६५. पूर्वी रंगमंचावर काम केलेल्या निवृत्तांना प्राधान्य.’ एकतीस वर्षं बँकेत काढलेला आणि राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलेला माणूस यात नेमका बसतो. जाळं आमच्याच मापाचं विणलेलं होतं.

आम्हाला कोणी मूर्ख म्हणू नये. आमच्या हौशी रंगभूमीवर नट पैसे घेत नाही, देतो. तालमीच्या हॉलचं भाडं, नेपथ्याचा टेम्पो, कपडेपटाचं भाडं, स्पर्धेची प्रवेश फी, सगळं वर्गणीतून निघायचं. ज्याला मोठी भूमिका मिळाली त्याने जरा जास्त द्यायचे, हेही ठरलेलं. त्यामुळे कोणी ‘कॉस्च्युमचे इतके भरा’ म्हटलं की वीस वर्षांच्या पोराला येईल तो संशय आम्हाला येत नाही. आम्हाला ते ओळखीचं वाटतं. या लोकांना आमची ही नस बरोबर सापडली आहे. व्यावसायिक कामात पैसा एकाच दिशेने जातो, निर्मात्याकडून नटाकडे. मधल्या को-ऑर्डिनेटरचं कमिशन असतं, पण ते तुमचं मानधन आल्यावर त्यातून कापलं जातं. आधी काही भरायचं नसतं. शंभर रुपयेसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ते मोठी नावं पुढे करतात. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि १९६९ साली पूर्णवेळ नट झाले. अमरीश पुरी कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरी करत होते आणि चाळिशीनंतर सिनेमात आले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फोनवरच्या मुलाने त्या मला इतक्या आदराने सांगितल्या की मी भारावलो. पुढचं तो बोलला नाही. डॉ. लागू डॉक्टरकी सांभाळून पुण्यात पीडीए या नाट्यसंस्थेची नाटकं करत होते, पुरी नोकरी करता करता दिग्दर्शक सत्यदेव दुबेंच्या नाटकांत उभे राहत होते. कोणाचं शुल्क भरून ते तिथे पोहोचले नव्हते. हा फरक मला त्या क्षणी सुचायला हवा होता.

आता ऑडिशन. ती झाली अंधेरी पश्चिमेला, आरामनगरात. पत्ता खरा, स्टुडिओ खरा, शेजारच्या खोल्यांतून खऱ्या ऑडिशन चाललेल्या. यावर अजिबात विसंबू नका. तिथल्या खोल्या तासाच्या भाड्याने कोणालाही मिळतात. मला एक कागद दिला, सात ओळींचा. वडील मुलीला समजावतात. बाहेर बसलेल्या तिघांकडेही तोच कागद होता, आणि त्यातल्या एकाला न्यायाधीशाच्या भूमिकेसाठी बोलावलं होतं.

कॅमेऱ्याचा छोटा पडदा माझ्याकडे वळवलेला होता, म्हणजे मी मला दिसत होतो. त्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात दोन शब्द नारिंगी रंगात लुकलुकत होते: ‘नो कार्ड’. मी ते वाचले. पाठ केलेल्या ओळी बोलायला तोंड उघडण्याआधी मी ते नीट वाचले. कॅमेऱ्यात कार्डच नाही म्हणजे काहीही रेकॉर्ड होत नाही, हे समजायला सिनेमातलं काही कळावं लागत नाही. पण मी मनाशी म्हटलं, दुसरीकडे कुठेतरी वायरने जात असेल. वायर कुठेच नव्हती. तेवीस वर्षांनी कोणीतरी ‘ॲक्शन’ म्हणालं होतं आणि मला ते ऐकायचं होतं. तिथून बाहेर पडलो असतो तर माझे फक्त १,१८० रुपये गेले असते.

खऱ्या ऑडिशनला काय होतं ते सांगतो, म्हणजे ताडून पाहता येईल. सुरुवातीला ‘स्लेट’, म्हणजे कॅमेऱ्यासमोर स्वतःची ओळख, द्यायला सांगतात: नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, मग डावं-उजवं प्रोफाइल. पात्र कोण, प्रसंग काय, आधी काय घडलंय हे सांगतात. एकच तुकडा दोन-तीन वेगळ्या तऱ्हांनी करून घेतात. आणि तारखा विचारतात, अमुक दिवस मोकळे आहात का. मला कोणी तारखा विचारल्या नाहीत, प्रोफाइल वळवायला सांगितलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन: ‘अभिनंदन.’ खऱ्या जगात बहुतेकांना काहीच कळवत नाहीत, नकारसुद्धा नाही. चोवीस तासांत हमखास होकार, तोही चौघांना, म्हणजे दुकान आहे.

त्यानंतर पावती आली, आणि इथे मला स्वतःला माफ करता येत नाही. पावतीवर नाव छापलं होतं ‘अमुकतमुक प्रायव्हेट लिमिटेड’. खाली पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर सांगतं की तो कोणाचा: ‘पी’ म्हणजे व्यक्ती, ‘सी’ म्हणजे कंपनी, ‘एफ’ म्हणजे भागीदारी. त्या पावतीवर ‘पी’ होतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आणि पॅन एका व्यक्तीचा. हेच तपासण्यात माझी सगळी नोकरीची वर्षं गेली, आणि स्वतःच्या पावतीवर मी ते पाहिलं नाही. नंतर जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला तर नोंदणी रद्द झालेली. म्हणजे १८ टक्के म्हणून माझ्याकडून जे घेतलं तेही सरकारकडे गेलं नसणार. कुठलीही पावती आली की पैसे भरण्याआधी हे पाहा, लॉगिन लागत नाही, दोन मिनिटांचं काम आहे. आणि पिन टाकण्याआधी यूपीआयच्या पडद्यावर ज्याला पैसे जाणार त्याचं बँकेतलं नाव दिसतं ते वाचा. माझ्या सहा व्यवहारांत तीन वेगळी माणसं होती, कंपनी एकदाही नव्हती.

पोर्टफोलिओसाठी बारा फोटो काढले आणि त्यांवर इतका हात फिरवला की कपाळावरच्या आठ्या गेल्या, पांढऱ्या मिशीला काळपट छटा आली. आजोबांच्या भूमिकेसाठी सुरकुत्या पुसलेला चेहरा कोणाला दाखवायचा? चरित्र भूमिकांसाठी कास्टिंगवाल्यांना तुमचा आजचा चेहरा हवा असतो. घरी साध्या भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात, मोबाईलवर पाच फोटो पुरतात: समोरून, डावीकडून, उजवीकडून, कमरेपर्यंत, पूर्ण उंचीचा. फिल्टर नको. मोबाईल आडवा धरून पाऊण मिनिटाची ओळख आणि एक छोटं स्वगत. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र फुटतं. खर्च शून्य. मी १७,७०० दिले.

वर्कशॉप आठ रविवारांचं होतं, झाले तीन. एका शाळेच्या हॉलमध्ये, शेचाळीस माणसं. हजेरीचा कागद फिरला तेव्हा मी मोजली. प्रत्येकी ३५,४०० म्हणजे १६,२८,४०० रुपये, फक्त वर्कशॉपचे. शिकवलं काय, तर श्वासाचे व्यायाम आणि एकमेकांच्या डोळ्यांत पाहणं. कॅमेऱ्यासमोर मार्कवर, म्हणजे ठरवून दिलेल्या खुणेवर, कसं थांबायचं, लाँग शॉटमध्ये केलेली हालचाल क्लोजअपमध्ये तशीच कशी ठेवायची, आवाज रंगमंचापेक्षा किती खाली आणायचा, हे आम्हा नाटकवाल्यांना खरंच शिकायला हवं. त्यातलं एक अक्षर नाही.

कॉस्च्युम डिपॉझिट नावाची गोष्टच नसते. कपडे निर्मितीसंस्थेचा विभाग देतो, किंवा छोट्या भूमिकेला ‘घरचे दोन-तीन जोड घेऊन या’ म्हणतात. दोन्हींत तुमचे पैसे लागत नाहीत. मी २४,००० दिले, कारण तोवर ६१,७८० गेले होते आणि आता मागे फिरलो तर ते बुडतील असं वाटत होतं.

करारनामा पाचशेच्या मुद्रांकावर होता, म्हणून वजनदार वाटला. त्यात मालिकेचं नाव नव्हतं, निर्मात्याचं नव्हतं, पात्राचं नव्हतं, दिवसाचं मानधन नव्हतं, पैसे किती दिवसांत मिळणार ते नव्हतं. होतं एवढंच: ‘शुल्क परत मिळणार नाही’ आणि ‘कामाची हमी नाही’. ही दोन वाक्यं त्यांनी पोलिसांसाठी लिहून घेतली होती, हे मला नंतर कळलं.

चौथ्या रविवारी हॉलला कुलूप होतं. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपमधले जुने मेसेज पुसले जाऊ लागले. ज्याला जरासुद्धा शंका आली आहे त्याने आधी चॅट एक्स्पोर्ट करावं, नंतर भांडावं. मी आधी भांडलो.

सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन केला. तक्रार नोंदली, पोचक्रमांक मिळाला. शेवटच्या दोन व्यवहारांना पाच दिवस उलटले होते, त्यामुळे समोरच्या खात्यात गोठवायला उरले होते ३,४१२ रुपये. बाकी पुढच्या खात्यांत आणि एटीएममधून गेलेले. त्याच तासात फोन केला असता तर चित्र वेगळं असतं, म्हणून लाज बाजूला ठेवा आणि आधी १९३० लावा. ते ३,४१२ मिळवायला आता न्यायालयाचा आदेश लागेल असं सांगितलंय. वकिलाचं पहिलंच बिल त्याहून मोठं आहे.

घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. ‘ऑडिशन अंधेरीत झाली ना? तिकडे जा.’ तिकडे गेलो. ‘पैसे घरातून पाठवलेत ना? तिकडे जा.’ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घ्यावीच लागते. मी कलम कागदावर लिहून नेलं होतं. ‘काका, कायदा आम्हाला शिकवू नका’ असं उत्तर मिळालं. तिसऱ्या फेरीत करारनामा वाचून साहेब म्हणाले, ‘यात लिहिलंय हमी नाही. दिवाणी बाब आहे.’ खोटी मालिका, खोटी निवड, रद्द जीएसटी, शेचाळीस माणसं, आणि म्हणे दिवाणी! सुरुवातीपासूनच काम द्यायचं नव्हतं तर ती फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आहे. चार तास बाकावर बसवून हाती दिला तो शिक्का मारलेला अर्ज. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे, हे घरी येऊन लक्षात आलं तर उपयोग नाही. तिथेच एफआयआरची प्रत मागा, ती मोफत मिळते. नाकारली तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात उपायुक्तांना लेखी, स्पीड पोस्टाने, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे. मी सध्या दुसऱ्या टप्प्यावर आहे. पोचपावती येऊन चाळीस दिवस झाले, उत्तर नाही.

बँकेने सांगितलं, व्यवहार तुम्हीच अधिकृत केलाय. खरं आहे. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांबद्दल आहे, माझ्या बाबतीत ते लागू होत नाही. पण ज्या खात्यांत शेचाळीस जणांचे पैसे महिनाभर येत राहिले आणि लगेच निघत राहिले, त्यांच्यावर कोणाची नजर नव्हती? मी नोकरीत असताना अशा खात्याबद्दल मला जाब विचारला गेला असता. कलाकारांच्या एका संघटनेत गेलो तर ‘तुम्ही सभासद नाही’. सभासद नाही म्हणूनच तर फसलो.

एक वाट अजून उघडी आहे, ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि ऑनलाइन दाखल करता येते. त्यासाठी समोरच्याचा खरा पत्ता लागतो. म्हणून सांगतो, पहिल्याच भेटीत माणसाचं पूर्ण नाव आणि कार्यालयाचा पत्ता मागा. निर्मितीसंस्थेचं नाव सांगितलं तर त्यांच्या कार्यालयात स्वतः फोन करा, मधल्या माणसाने दिलेल्या नंबरवर नव्हे.

शेचाळीसपैकी नऊ जण आता एकत्र आलो आहोत. बाकीचे फोन उचलत नाहीत. एक बाई म्हणाल्या, ‘मिस्टरांना कळलं तर नाटकाचं नावच काढू देणार नाहीत.’ आम्ही एकच तक्ता करतोय: तारीख, रक्कम, बारा अंकी यूटीआर (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा क्रमांक), ज्याच्या खात्यात गेले त्याचं पडद्यावर दिसलेलं नाव. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, म्हणजे ते नाही म्हणून स्क्रीनशॉट नाकारले जाणार नाहीत. सातजणांच्या रकमा एकाच खात्यात गेल्याचं या तक्त्यामुळेच दिसलं. त्या वर्कशॉपला जे बसले होते त्यांनी निदान आपला यूटीआर शोधून ठेवावा. बँकेच्या ॲपमध्ये व्यवहारावर बोट ठेवलं की तो दिसतो.