आठ महिने मध्ययुगातल्या टाइम ट्रॅव्हल प्रेमकथा वाचून झाल्यावरचा अनुभव

गेल्या जूनपासून मी हा एकच प्रकार वाचतेय. आजच्या काळातली बाई काहीतरी होऊन थेट बाराव्या-तेराव्या-चौदाव्या शतकात जाऊन पडते, तिथे तिला कोणीतरी भेटतो, जीव जडतो आणि मग परत यायचं की तिथेच राहायचं. मैत्रिणीने एक दिलं होतं, ते दोन दिवसांत संपलं आणि मग मी थांबलेच नाही. राहते ठाण्याला, ऑफिस घणसोलीला, ट्रान्स हार्बरवर जाता-येता आणि गाडीची वाट बघण्यात मिळून रोजचा तासभर, तोच माझा वाचायचा वेळ. तेवढ्यात आठ महिन्यांत 27 पूर्ण वाचली आणि 11 अर्ध्यावर सोडली, बहुतेक सगळी इंग्रजी, किंडलवर. दोन-तीन वाचून लगेच भारी आहे म्हणून लिहिण्यापेक्षा म्हटलं जरा मुरू दे, कारण पहिल्या महिन्यात मला सगळंच आवडत होतं, आता तसं नाहीये, आणि का नाहीये ते आता नीट सांगता येतंय.

ते सांगता येतंय ते आईमुळे. आई 72 वर्षांची, आयुष्यभर वाचत आली, पण आता बारीक अक्षर लागत नाही आणि इंग्रजी कादंबरीच्या वाटेला ती कधी गेली नाही, त्यामुळे संध्याकाळी घरी आल्यावर भाजी निवडता निवडता मी तिला आज कुठपर्यंत आलं ते सांगते. जुलैत एक पुस्तक चालू होतं, नायिका 1200 च्या आसपासच्या इंग्लंडमध्ये चार महिने राहते, घोड्यावरून फिरते, जंगलात झोपते, किल्ल्यात तिला खोली मिळते. आई मेथी निवडत होती, अख्खी जुडी संपेपर्यंत गप्प ऐकलं आणि मग म्हणाली, तिची पाळी कुठे गेली गं? मी म्हटलं पुस्तकात नाहीये तसं काही. तर म्हणाली, चार महिने? मग ती गेलीच नाही तिकडे.

ते वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं की त्यानंतरचं प्रत्येक पुस्तक मी तेच धरून वाचलं. गेलीय का खरंच? गेली असेल तर तो काळ तिला अडवणार, पावलोपावली नाही म्हणणार, तिच्या अंगाला, जिभेला, तिच्या सवयींना. पुस्तक खरं वाटतं ते ह्या अडवणुकीमुळे, यंत्राने गेली की दगडाला हात लावून गेली की वीज पडून गेली त्याने काही फरक पडत नाही. एवढंच हवं की जो नियम पहिल्या पन्नास पानांत ठरला तो शेवटच्या पन्नासात तसाच राहिला पाहिजे, लेखिकेला गरज पडली म्हणून अंगठी अचानक दुसऱ्यांदा चालायला लागली की मी पुस्तक बंद करते.

पाळीचंच सांगते, कारण नंतर सप्टेंबरमध्ये एक वाचलं त्यात हे आहे. नायिकेला तिथे जाऊन नऊ दिवस झालेत, पोटात दुखायला लागतं, आणि तिला त्या गोष्टीला तिथला शब्द माहीत नाही. मुदपाकखान्यात काम करणारी एक पोरगी असते, तिच्याकडे जाऊन नुसती उभी राहते. ती पोरगी तिच्या चेहऱ्याकडे बघते, काही न बोलता आत जाते आणि जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लिननचं कापड चौपदरी घडी करून हातात ठेवते, वर कमरेला बांधायची दोरी. दीड पानाचा सीन आहे. मी तो आईला सांगितला तर आई कितीतरी वेळ तिच्या लहानपणीचं बोलत बसली, जुन्या साड्यांचे तुकडे, ते वाळत घालायची चोरी, सगळं. त्या पुस्तकातल्या नायकाआधी आम्हाला ती पोरगी आवडली, आणि नायिका त्या घरात का रमते तेही कळलं.

भाषेचं तसंच. निम्म्या पुस्तकांत ही बाई उठते आणि सरळ बोलायलाच लागते, सरदार पण तिच्याशी आजचं इंग्रजी बोलतो. अहो, तेव्हाच्या इंग्लंडात वरचे लोक फ्रेंच बोलायचे, कोर्टातलं कामकाज इंग्रजीत करायचा कायदा व्हायला 1362 उजाडलं, आणि गावातले जे इंग्रजी बोलायचे ते आज कानावर पडलं तर परकीच भाषा वाटेल, कारण साधारण 1400 ते 1700 च्या दरम्यान त्यांचे दीर्घ स्वरच सगळे बदलले. आपलं उदाहरण घ्या ना, ज्ञानेश्वरी शके 1212 ची म्हणजे 1290 ची, आपल्याच भाषेतली, आणि आईची पारायणं झालीत तरी अर्थ दिलेली प्रत लागतेच. नेवाशाला त्या वर्षी जाऊन पडले तर पाणी मागायला जमेल, पुढचं हातवाऱ्यांवर. चांगली पुस्तकं ह्या अडचणीचंच सोनं करतात. दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नाही, मग तो तिला एक एक वस्तू दाखवून शब्द शिकवतो, आणि प्रेम त्या शिकवण्यातच होतं, वेगळं दाखवावं लागत नाही.

आता चष्मा. माझा नंबर मायनस साडेचार, उशाशी चष्मा नसेल तर भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही. चष्मा निघाला तेराव्या शतकाच्या शेवटी इटलीत, तोही म्हाताऱ्या माणसांना जवळचं वाचायला. लांबचं न दिसणाऱ्यांसाठीच्या काचा आल्या पंधराव्या शतकात. म्हणजे माझ्यासारखी बाई 1250 ला गेली आणि पहिल्याच झटापटीत चष्मा फुटला तर तिला समोरून येणारा घोडेस्वार आपला की परका हे कळणार नाही. हे वापरलेलं एकच पुस्तक सापडलं, त्यात ती नायकाला त्याच्या चालण्याच्या आवाजावरून ओळखायला शिकते, एक पाय जरासा घासत चालतो तो. गाडी घणसोलीला लागली तरी मी वाचत होते, कोपरखैरणेला उतरून परत आले.

आणि देवी. ऑक्टोबरमध्ये एका गोष्टीत गावात देवीची साथ येते आणि नायिका बिनधास्त सगळ्यांची सेवा करते, कारण ती आजच्या काळातली, तिला काय होणार. आईने ब्लाउजची बाही वर केली आणि दंडावरचा तो गोल खड्ड्यासारखा व्रण दाखवला. म्हणाली हे तुझ्याकडे आहे का? नाहीये. माझ्या दंडावर आहे तो क्षयाच्या लशीचा, देवीची लस माझ्या जन्माआधीच बंद झाली, 1980 मध्ये तो रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं, मग कोण टोचतंय. म्हणजे तिकडे गेलो तर आईला थोडं तरी संरक्षण, मला काहीच नाही. पुस्तकातली नायिका तिशीची होती. लेखिकेने एकदा तरी हा विचार केला असता तर त्या सेवेला केवढा अर्थ आला असता, जीव धोक्यात घालून बसलेली बाई आणि तिला अडवणारा तो.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण ह्या चुका सगळ्यांना दिसतात. तेराव्या शतकात बटाट्याचा रस्सा वाचलाय मी दोनदा. बटाटा, टोमॅटो, मका, मिरची हे सगळं अमेरिकेतलं, 1492 नंतरच इकडे आलं. वेळ मात्र फार कमी लोकांना जमते. तेव्हा तिकडे उजाडल्यापासून मावळेपर्यंतच्या दिवसाचे सरळ बारा भाग करायचे, त्यामुळे इंग्लंडच्या डिसेंबरात तास 40 मिनिटांचा आणि जूनमध्ये 80 च्या आसपास. एका गोष्टीत तो तिला सांगून जातो एका तासात येतो, हिवाळ्यात, आणि तिच्या हातात आजचं घड्याळ असतं, तिच्या हिशोबाने तो आधीच येतो. मग वसंतात, उन्हाळ्यात, तसतसा त्याला उशीर होत जातो, आणि तिला वाटत राहतं ह्याचं मन उडालं. शेवटी ती घड्याळ काढून पेटीत ठेवते आणि घंटांवर दिवस मोजायला लागते. किती सुंदर आहे हे! आई म्हणाली आमच्या आत्याच्या लग्नात घटिकापात्र होतं, घंगाळात पाणी, त्यात भोक असलेली वाटी, ती बुडली की एक घटका म्हणजे 24 मिनिटं, आणि सगळा मांडव त्या वाटीकडे बघत बसलेला.

नायकाबद्दल माझं मत आठ महिन्यांत पार बदललं. सुरवातीला मला समजूतदार नायक आवडायचे, तिला लगेच मान देणारे, तुझा निर्णय तुझा म्हणणारे. आता ते खोटे वाटतात, आजचाच माणूस चिलखत घालून उभा केल्यासारखा. त्या काळच्या माणसाला देवाची भीती आहे, धन्याची चाकरी आहे, आणि स्वतःचं लग्नसुद्धा त्याच्या हातात नाही, कारण जहागिरीचा वारस वयात आलेला नसेल तर त्याचं लग्न ठरवायचा हक्क वरच्या सरदाराचा आणि तो हक्क चक्क विकला जायचा. असा माणूस जेव्हा तिच्यासाठी काही सोडतो तेव्हा तो काय सोडतोय हे कळतं. बरं दातांचं सगळे उगाच किळसवाणं लिहितात, साखर फारशी नव्हती त्यामुळे किडके दात आपल्यापेक्षा कमीच, पण जात्याची कच पिठात यायची म्हणून झिजलेले. झिजलेल्या दातांचा हसणारा नायक मला एकदाच भेटला, आणि तो अजून लक्षात आहे.

लग्नाचा भाग तर ह्या लेखकांना आयता मिळालाय, तरी निम्मे जण वापरत नाहीत. बाराव्या शतकापासून चर्चचा नियम असा की दोघांनी एकमेकांना मी तुला आत्ता पत्करतो, पत्करते असं म्हटलं की लग्न झालं, भटजी नको, साक्षीदार नको. 1215 मध्ये आधी जाहीर करायचं बंधन आलं, तरी गुपचूप केलेलं लग्न मोडत नव्हतं. मग एकाने नाकारलं तर? सिद्ध कसं करणार? बायका खरोखर चर्चच्या कोर्टात जाऊन भांडल्यात ह्यावर. आता विचार करा, परक्या काळातून आलेली बाई, मागे कुळ नाही, माणूस नाही, आणि तिच्याकडे फक्त त्याचे दोन शब्द आहेत. डिसेंबरमध्ये वाचलेलं एक पुस्तक सगळंच्या सगळं एवढ्यावर उभं आहे, तलवारबाजी जवळपास नाही, आणि 27 मधलं माझं सगळ्यात आवडतं तेच. त्याच 1215 च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेल्या हक्कांच्या सनदेत, विधवेवर पुन्हा लग्नाची जबरदस्ती करू नये असंही आहे, पण करायचं असेल तर धन्याची परवानगी हवी. त्या पुस्तकातली नायकाची विधवा बहीण ह्याच फटीत जगते, तिच्यावर वेगळी कादंबरी वाचायला मला आवडेल.

पैशांचं सांगायचं तर महिन्याचं सबस्क्रिप्शन घेऊन वाचा, सुटी विकत घेऊ नका. एका ठिकाणाहून मी मध्ययुगीन म्हणून छापील प्रत मागवली, कव्हरवर किल्ला आणि आत गोष्ट 1815 ची, परतही घेतली नाही. सॅम्पल असतंच, त्यात नायिकेची तिथली दुसरी सकाळ शोधा. पहिल्या रात्री सगळेच घाबरवतात, पाऊस, तलवारी, अंधार. दुसऱ्या सकाळी ती कुठे जाते, काय खाते, तोंड कशाने धुते, तिला कोण काय म्हणून हाक मारतं, हे जिने लिहिलंय तिचं पुस्तक पुढे फसत नाही, निदान माझं तरी फसलेलं नाही.

मराठीत हे असं मला सापडलं नाही आणि त्याची हुरहुर आहे, कारण आपल्याकडे जागा किती आहेत. आपलं ठाणंच घ्या, शिलाहारांचं श्रीस्थानक, उत्तर कोकणची राजधानी. अंबरनाथचं देऊळ शके 982 म्हणजे 1060 चं, अजून उभं आहे. बोरिवलीला एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, वल्ही मारणारे सगळे रांगेत. आणि 1321 मध्ये ह्याच ठाण्यात चार ख्रिस्ती साधू मारले गेले, त्यातले तिघे इटलीचे, एकाचं गाव तोलेंतिनो, पुढे दुसरा एक प्रवासी साधू त्यांच्या अस्थी घेऊन चीनपर्यंत गेला. एवढी माणसं, एवढ्या भाषा ह्या खाडीवर. आई आणि मी रविवारी मासुंदा तलावावर जातो, कौपिनेश्वराचं दर्शन झालं की तलावपाळीवर बसतो, आणि तिथे आमची गोष्ट रचणं चालतं. नायिका नौपाड्यातली. खाडीवर उतरते, त्याच 1321 च्या सुमारास. आईने तिला जेवायला घातलं ते भात, कोकमाचं सार, ओलं खोबरं आणि तिखटाला मिरी, कारण हिरवी मिरची पोर्तुगीजांबरोबर येणार, अजून दोनशे वर्षांनी. साबुदाणा नाही, शेंगदाणा नाही. मग ती उपासाला काय करेल, ह्यावर आई अजून विचार करतेय.

सध्या जे वाचतेय त्यात दोन्ही काळ आलटून पालटून येतात. नायिका 1348 मध्ये आहे, त्याच वर्षी प्लेग इंग्लंडला पोचला, आणि इकडे आजच्या काळात तिची आई पोलीस स्टेशनच्या चकरा मारतेय, मुलीचा फोन रिचार्ज करत राहते, बंद पडू नये म्हणून. आधीच्या 27 मध्ये मागे राहिलेल्यांचं कोणी विचारतच नाही, नायिका बहुतेक पोरकी तरी असते नाहीतर घरच्यांशी पटत नसतं, सोय म्हणून. माझ्या आईने हा प्रश्न पहिल्याच पुस्तकाला विचारला होता, तिची आई शोधत नाही का तिला? आता रोज दारातच विचारते, मिळाली का गं? 62 टक्के झालंय. उद्या घणसोली येईपर्यंत चालू प्रकरण संपेल, संध्याकाळी सांगते म्हटलंय तिला.