गिअरबॉक्स उतरवला म्हणे, मग गिअर ऑइल कुठंय?

गाडीचं इंजिन ऑइल गळत होतं, म्हणून गॅरेजला दिली. बिल आलं एकूण 12,900 रुपये. त्यात ‘गिअरबॉक्स उतरवणे-चढवणे’ 6,500, ‘क्रँकचं मागचं सील’ (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला तेल अडवणारं रबर) 1,450, ऑइल-फिल्टर 2,350, इंजिन वॉश 900, ‘लीक ट्रीटमेंट’ 1,100 आणि ‘किरकोळ’ 600. गळती थांबली बरोबर 19 दिवस. विसाव्या दिवशी सकाळी फरशीवर तोच डाग, त्याच जागी.

खरा दोष निघाला टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगचा. पॅकिंग 480 रुपये, मजुरी 500.

लाज याची वाटते की हे सगळं मला माहीत होतं. पेट्रोल स्विफ्टचं टॅपेट कव्हर मी स्वतःच्या हातानं उघडलेलं आहे. तरी फसलो, कारण मिस्त्रीनं गाडी रॅम्पवर घेतली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं. “बघा साहेब, मागचं सील गेलंय.” ओलं तर होतंच, खोटं काय म्हणणार? पण तेल खाली ओघळतं आणि वाऱ्यानं मागं सरकतं, त्यामुळं जिथं थेंब लोंबतो तिथंच गळती असते असं नाही. गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यात टॅपेट कव्हर झिरपलं तर तेल हेडवरून (इंजिनचा वरचा भाग), ब्लॉकवरून (खालचा) उतरत थेट बेल हाउसिंगवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या जोडाकडच्या कवचावर, येऊन थांबतं. खालून पाहिलं की दिसायला हुबेहूब मागचं सील. या धंद्यातली ही सगळ्यात सोयीची चूक आहे, कारण वरचं काम तासाभराचं आणि खालचं दिवसभराचं.

तिथंच मला कळायला हवं होतं. मी स्वतःच त्याला सांगितलं होतं की सिग्नलला उभं राहिलं की एसीच्या जाळीतून जळक्या तेलाचा वास येतो. वास येतो म्हणजे तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडतंय, आणि पडतंय म्हणजे वरून. क्रँकचं सील तळाशी असतं. तिथलं तेल रस्त्यावर पडेल, वर चढून एक्झॉस्टवर कशाला जाईल? तक्रार माझ्या तोंडून, उत्तर त्या तक्रारीतच, आणि मी मान डोलावून चावी देऊन आलो.

काम खोटं होतं हे पावतीच सांगते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवायचा तर दोन्ही एक्सल बाहेर काढावे लागतात, आणि गिअर ऑइल काढावं लागतं, नाहीतर ते वाहून जातं. पावतीत गिअर ऑइलची ओळच नाही! सीलपर्यंत जायला क्लच आणि फ्लायव्हील दोन्ही निघतात. एवढं उघडल्यावर कुठलाही प्रामाणिक मिस्त्री फोन करून विचारतो, “क्लच प्लेट बघून जा, आत्ताच टाकायची का?” मला फोन आला नाही. जुनं सील मागितलं तर “कचऱ्यात गेलं.” नंतर खाली वाकून पाहिलं, तर बेल हाउसिंगच्या ज्या बोल्टांना वॉशचं पाणी लागलं नव्हतं त्यांवर वर्षानुवर्षांची माती तशीच, पाना लागल्याची एक खूण नाही. केलं काय, तर इंजिन धुतलं आणि तेलात रबर फुगवणारं औषध ओतलं. 19 दिवस त्याचेच.

गळती शोधायला यंत्र लागत नाही. डीग्रीझर मारून इंजिन साफ करा, पण स्पार्क प्लग बसतात त्या विहिरी आणि अल्टरनेटर झाकून. कोरडं पुसा, 15-20 किलोमीटर चालवा, आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. सगळ्यात उंचावरची ओली जागा ती गुन्हेगार. कळत नसेल तर टाल्कम पावडर भुरभुरा, तेलाची वाट त्यात लगेच उमटते. फिल्टर नुकताच बदलला असेल तर आधी तोच बघा: जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहतं आणि त्यावर नवा बसवला की गळतो. ऑइल प्रेशर स्विचही बघा. आणि इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह. तो तुंबला की क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या पोटातली, हवा कोंडते आणि नवं पॅकिंगही ओलं होतं. माझाही चिकटला होता, हलवला तर खुळखुळत नव्हता. 350 रुपये, आणि हे आधी करायचं.

पॅकिंग बसवताना खोबण स्वच्छ पुसा. सिलिकॉन फक्त टायमिंग चेनचं कव्हर आणि हेडच्या सांध्यावर, तेही बोटभर नाही, ठिपका. जास्तीचं आत सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे करत. जोर लावणाऱ्याला हात लावू देऊ नका, कव्हर वाकतं.

आता दाद मागायची गोष्ट. चौकीत उत्तर मिळालं, “हा दिवाणी वाद आहे.” काम न करता कामाचे पैसे घेणं दिवाणी! ज्या अ‍ॅपवरून गॅरेज मिळालं, त्यांच्या ग्राहककक्षानं तीनदा तक्रार ‘निकाली’ काढली, तिन्ही वेळा मला न विचारता. एकानं सल्ला दिला, तज्ज्ञाचा लेखी अहवाल आणा. तज्ज्ञ कोण? त्याच गल्लीतला दुसरा गॅरेजवाला. तो तोंडी दहा शिव्या घालेल, कागदावर एक अक्षर लिहिणार नाही. ज्याच्याकडे जावं तो आपल्यालाच विचारतो, “आधी चौकशी नाही केली?” जसा काही चोर मीच.

जिल्हा ग्राहक आयोगाची वाट खुली आहे: पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पण जीएसटी क्रमांक असलेली पावती आणि जुना पार्ट गाडी देतानाच मागा, नंतर मागून दोन्ही मिळत नाहीत. काम चालू असताना जाऊन फोटो काढा. थर्मल कागदाची (जिची अक्षरं उडून जातात ती) पावती असेल तर त्याच दिवशी तिचाही फोटो काढून ठेवा. माझ्या पावतीवरचा गॅरेजचा फोन नंबर आत्ताच वाचता येत नाही.