पाचपैकी दोन तारे, तेही मामांचे

अपघातात कमरेखालचं अंग गेलं त्याला नऊ वर्षं झाली. मी पुण्यात सिंहगड रोडला राहतो, घरूनच हिशेबाची कामं करतो. बायको सातला शाळेत शिकवायला जाते. साडेसातला माणूस आला तरच माझा दिवस सुरू होतो. १४ महिन्यांपासून घरी माणूस पुरवणाऱ्या एका ब्युरोचा बारा तासांचा अटेंडंट घेतोय, महिन्याचे २४,००० आगाऊ.

त्या अटेंडंटला मी मामा म्हणतो. मामांबद्दल तक्रार नाही. चादरीला एक सुरकुती ठेवत नाहीत, कारण जखम तिथूनच सुरू होते. खुर्चीत घेताना आधी ब्रेक, मग फूटरेस्ट बाजूला, मग "हं, साहेब" म्हणून एकच उचल. माझ्या खांद्याला आजवर हिसका बसलेला नाही.

पण मामा गावी गेले की ब्युरोचं खरं रूप दिसतं. जूनमध्ये तीन दिवस बदली माणूस आलाच नाही. फोन केला की "निघालाय, वाटेत आहे". दुसऱ्या दिवशी पावणेबारापर्यंत मी अंथरुणातच. लघवीची पिशवी काठोकाठ, हात पोचेना. शेवटी वॉचमनने येऊन रिकामी केली. त्याला काही वाटलं नाही, मला वाटलं. आणि ऑफिसातल्या मॅडम म्हणतात, "सर, घरात कोणीतरी असेलच ना?"

करारात बारीक अक्षरात "मनुष्यबळाच्या उपलब्धतेनुसार" असं आहे. गंमत म्हणजे कायद्यातही तसंच. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या पाचव्या कलमात घरी राहण्यासाठी लागणाऱ्या वैयक्तिक मदतनिसाचा उल्लेख आहे, पण सरकारने त्यासाठी नुसता "प्रयत्न" करायचाय. चोविसाव्या कलमात जास्त आधार लागणाऱ्यांना मदतनीस भत्ता आहे, तोही सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. म्हणजे ब्युरो काय नि सरकार काय, पळवाट एकाच शिंप्याने शिवलेली.

कामी आला तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. पैसे मोजलेत, सेवा मिळाली नाही, ही सरळ सेवेतली त्रुटी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तीन दिवसांच्या फोनचे स्क्रीनशॉट जोडले, ब्युरोलाही ईमेल टाकला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हेही लिहिलं. त्याआधी महिनाभर "बघतो" चाललं होतं. आता आठवड्यात २,४०० परत.

माणूस ठेवणार असाल तर आगाऊ पैसे देण्याआधी करारात लिहून घ्या: बदली माणूस किती वाजेपर्यंत येणार, नाही आला तर किती कापणार, आणि त्याला खुर्चीत घेणं, पिशवी बदलणं येतं का. जुलैत एकजण आला, त्याने ब्रेक न लावताच मला उचलायला घेतलं. मीच ओरडलो म्हणून वाचलो.

ब्युरो बदललेला नाही. बदलला तर मामा जातील. सोमवारी ते गावाहून आले, पिशवीभर शेंगा ओट्यावर ठेवल्या, हात धुतले आणि पहिली चादर ओढली.