मालवणचे बीच: तारकर्लीच्या पुढे आणि मागे पण किनारा आहे

माझं माहेर कुडाळ, त्यामुळे दिवाळी झाली की ऑफिसातल्या निम्म्या लोकांचा एकच मेसेज, मालवणला चाललोय, तारकर्लीला रूम बुक झालीय, बाकी काय बघू सांग. अहो रूम बुक करायच्या आधी विचारा की! तारकर्ली वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पण मालवणचा बीच म्हणजे तारकर्ली एवढंच डोक्यात धरून लोक येतात आणि मग शनिवार-रविवारी देवबागच्या अरुंद रस्त्यावर समोरून आलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरला साइड देत बसतात, ते बघून वाईट वाटतं.

आमचं आता ठरलेलं आहे, मुक्काम मालवण गावातच. गावातून दक्षिणेला गेलात की दांडी, वायरी, तारकर्ली, देवबाग, आणि उत्तरेला कोळंब, सर्जेकोट, तोंडवळी, आचरा. मधे राहिलं की सकाळी उठून भरती-ओहोटी बघायची, सोबत कोण आहे ते बघायचं आणि मग गाडी कुठे वळवायची ते ठरवायचं.

तारकर्लीपासूनच सुरू करते कारण विचारणारे तेच विचारतात. मालवणपासून सहा-सात किलोमीटर, लांबच लांब फिकट पुळण, मागे सुरूचं बन आणि माड, एमटीडीसीचं रिसॉर्ट तिथेच. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातच्या आसपास गेलात तर कमरेएवढ्या पाण्यात स्वतःची पावलं दिसतात इतकं नितळ असतं, तेव्हा तारकर्लीला तोड नाही. पण दहा-साडेदहा झाले की जेट स्की, बनाना बोट, पॅरासेलिंगवाले, घोडागाडी, सगळं एकदम सुरू होतं आणि मग शांत बसायचं असेल तर विसराच. नाताळच्या आठवड्यात तर मी जातच नाही. मित्रमंडळी, कॉलेजचा ग्रुप असेल तर मजा आहे, आईला घेऊन गेले तेव्हा ती अर्ध्या तासात म्हणाली चल घरी.

देवबाग त्याच्या पुढे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे गावाची चिंचोळी पट्टी, काही ठिकाणी तर रस्त्यावर उभं राहिलं की दोन्हीकडचं पाणी दिसतं. जागा म्हणून देवबाग मला तारकर्लीपेक्षा जास्त आवडतं, पण बीच म्हणून नाही, कारण समुद्र दरवर्षी किनारा खातोय आणि तो अडवायला बऱ्याच भागात काळ्या दगडांचा बंधारा घातलाय. गावाला तो हवाच, पावसाळ्यात लाटा घरांपर्यंत येतात, पण रिसॉर्टच्या फोटोत 'बीच फ्रंट' लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात खिडकीसमोर दगडांची रांग निघू शकते, तेव्हा बुक करताना समोर वाळू आहे का दगड ते फोनवर सरळ विचारून घ्या. संगमावर, म्हणजे नदी समुद्राला मिळते तिथे, संध्याकाळी बसायला छान आहे, पाण्यात उतरायला अजिबात नाही. ओहोटीला नदीचं पाणी आणि उतरता समुद्र दोन्ही एकाच दिशेला ओढतात, चांगला पोहणारासुद्धा तिथे टिकत नाही.

आणि ते त्सुनामी आयलंड. २००४ च्या त्सुनामीनंतर वर आलं असं सांगतात म्हणून नाव तसं पडलंय, आहे म्हणजे कर्लीच्या पात्रातला वाळूचा दांडा. ओहोटीला पाय टेकवून फिरता येतं, भरतीला बराचसा पाण्याखाली जातो. सगळे वॉटर स्पोर्ट्स तिथे. आमच्या वेळी पॅकेज घेतलं होतं, पाच राइड आणि डॉल्फिन, सगळं मिळून एक रक्कम. बनाना बोट बसेपर्यंत संपली, बंपर राइड 'आज बंद आहे', आणि डॉल्फिनच्या नावाखाली संगमाच्या बाहेर एक फेरी मारून परत. डॉल्फिन दिसणं कोणाच्या हातात नाही हे मान्य, पण जी राइड बंद आहे तिचे पैसे आधी घेऊन नंतर सांगायचं हे बरोबर नाही ना! पॅकेज घेऊ नका, जी राइड हवी ती एकेक ठरवा, किती मिनिटं ते विचारा, लाइफ जॅकेटचे बेल्ट स्वतः ओढून बघा.

आता चिवला. हा बीच मालवण गावातच, चालत जाण्यासारखा, म्हणूनच बहुतेक लोक त्याला बीच धरत नाहीत. माझ्या मते लहान मुलं असतील तर पहिला नंबर याचाच. किनारा अर्धगोल, दोन्ही टोकांना खडक, त्यामुळे लाटांचा जोर बऱ्यापैकी मोडतो आणि पाणी तळ्यासारखं होतं. दरवर्षी डिसेंबरात राज्यभरातले पोहणारे इथे सागरी जलतरण स्पर्धेला येतात, यावरून काय ते समजा. खडकांच्या बाजूला मात्र मुलांना अनवाणी सोडू नका, कालवांच्या शिंपल्या ब्लेडसारख्या कापतात.

चिवल्यावर नशीब असेल तर रापण बघायला मिळते. होडी लांबवर अर्धगोल फिरून जाळं सोडून येते, मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणून माणसं दोन रांगांत ओढायला लागतात, पायाच्या टाचा वाळूत रुतवून, मागे मागे सरकत, आणि हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींजवळ येत जातात. सुरुवातीला जाळ्यात काहीच नाही असं वाटतं, मग शेवटच्या वीसेक फुटांत पाणी एकदम चांदीसारखं उकळायला लागतं, वर घारी आणि कावळे, खाली मुलांची पळापळ. बांगडे, तारली, पेडवे, एखादा चुकार खेकडा. माझा मुलगा मधे घुसला तर एका काकांनी त्याच्या पण हातात दोर दिला. नंतर तिथेच वाटे झाले आणि आम्ही ताजे बांगडे घेऊन गेलो, ज्या घरात राहिलो होतो तिथल्या काकींनी तिरफळं घालून केले. ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांमुळे रापणीला पूर्वीसारखी मासळी मिळत नाही असं रापणकर सांगतात, तेव्हा दिसली तर थांबून बघा, आणि फोटोसाठी दोरावर पाय देऊन उभे राहू नका प्लीज, मी हे बघितलंय.

भरती-ओहोटीचं एवढं पुराण का लावलंय तर इथे तोच खरा टाइमटेबल आहे. मोबाइलवर बघता येतंच, पण कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे अष्टमीला आठाचे सहा, सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास भरती. हा हिशोब मुंबईकडे जास्त जुळतो, मालवणात साधारण तासभर आधीच भरते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप वर आणि तेवढंच खाली, अष्टमीच्या सुमाराला भांग, फरक कमी. लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर भांगाचे दिवस निवडा. आणि किनाऱ्यावरचा कोणी 'आज उधाण असा, आत जाव नकात' म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका.

माझा सगळ्यात आवडता सांगायचा तर तोंडवळी आणि त्याच्या टोकाचं तळाशील. लोकांना सांगताना जरा जिवावर येतं खरं. इथे पण देवबागसारखंच, एका अंगाला गड नदीची खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माडांची पट्टी आणि घरं, फरक एवढाच की देवबागला प्रत्येक दोन घरांमागे एक रिसॉर्टचा बोर्ड आहे आणि इथे अजून दारात सुकत टाकलेली मासळी आणि जाळी दुरुस्त करणारी माणसं दिसतात. समोर सर्जेकोट अगदी हाकेच्या अंतरावर दिसतो पण गाडीने यायचं तर खाडीला मोठा वळसा. सकाळी खाडीच्या बाजूने चालत जायचं, पाणी हलत पण नाही, मग माडांतून आडवं शंभरेक पावलं गेलं की एकदम समुद्राचा आवाज अंगावर येतो. वाळूवर बारीक खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी केलेली असते, चालताना मोडू नये असं वाटतं पण इलाज नाही. थंडीत या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, म्हणून रात्री बीचवर गाडी घालणे, शेकोटी, मोठे लाइट हे प्रकार नको. पोहायला मात्र तळाशील नाही. किनारा पटकन खोल होतो, जीवरक्षक मला तरी कधी दिसला नाही, आणि टोकाला खाडीचा ओढा आहेच. चालायला, बसायला, गप्प राहायला दहापैकी साडेनऊ. अर्धा मार्क कापला कारण चहाची टपरी शोधावी लागते.

आचरा त्याच्याही पुढे, मोठा मोकळा किनारा, गर्दी नाही, सोयी पण नाहीत. रामेश्वराचं देऊळ बघायला जाणार असाल तर जोडून करा, एवढ्यासाठी वेगळी फेरी नको.

दांडीचा किनारा पोहण्यासाठी नाहीच, तो होड्यांचा आणि मासळीचा आहे, वास येणार, नाक मुरडायचं असेल तर जाऊ नका. पण मोरयाचा धोंडा इथेच, १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचं काम सुरू करताना महाराजांनी जिथे पूजा केली असं सांगतात तो खडक, समोर पाण्यात किल्ला, आणि मला वाटतं किल्ला सगळ्यात चांगला इथूनच दिसतो. स्कूबाच्या होड्या पण बऱ्याच इथून सुटतात, किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत नेतात. पोहता येत नसलं तरी चालतं, सोबत एक जण धरून असतो. आदल्या दिवशी वारा सुटला असेल तर पाणी गढूळ असतं, तेव्हा 'क्लिअर आहे मॅडम' यावर विश्वास न ठेवता नुकत्याच परत आलेल्या माणसाला विचारा काय दिसलं.

भोगवे वेंगुर्ला तालुक्यात, देवबागच्या समोरच नदीपलीकडे. बोटीने जवळ, गाडीने परुळेवरून लांबचा पल्ला. पण गाडीनेच जा, कारण वरच्या घाटीतून खाली येताना माडांच्या वरून तो अख्खा वाकडा किनारा दिसतो ना, तिथे गाडी आपोआप थांबते. एक दिवस काढून भोगवे, मग निवतीचा किल्ला चढून वरून सूर्यास्त. चढ फार नाही, पण झाडी वाढलेली असते, चप्पल नको बूट घाला, आणि अंधार पडायच्या आत उतरा. ज्यांना तारकर्ली पंधरा-वीस वर्षांपूर्वी कशी होती ते बघायचंय त्यांनी भोगव्याला जावं, तेही लवकर, कारण चिपीचा विमानतळ २०२१ ला सुरू झाला तेव्हापासून या बाजूच्या जमिनींकडे सगळ्यांची नजर आहे.

जेवणाचं एवढंच सांगते की बीचसमोरच्या मोठ्या बोर्डवाल्या हॉटेलात सुरमई थाळी घेण्यापेक्षा घरगुती खानावळीत आधी फोन करून ऑर्डर द्या, आज काय मिळालंय विचारा, ते खा. जूनपासून ऑगस्टपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद, मासेमारी पण ३१ जुलैपर्यंत बंद, त्या दिवसांत ताजी सुरमई देतो म्हणणाऱ्याला फ्रीजर दाखव म्हणावं. आणि रेल्वेने येणार असाल तर कुडाळ किंवा कणकवली, पण रिक्षावाल्याला 'बीचवर ने' एवढंच सांगू नका, तो विचार न करता तारकर्लीलाच नेतो.