बॅले की कथक : मराठवाड्यात राहून ठरवायचं असेल तर

मुलगा किंवा मुलगी नाचातच पुढे जाणार हे घरात ठरलंय, फक्त बॅले की कथक इथे गाडी अडलीय, असं कुणी ना कुणी विचारत असतं. मी दोन्ही केलंय. आधी मुंबईत बॅले, मग छत्रपती संभाजीनगरला परतून कथक. त्यामुळे माझा कल कळेलच.

बॅलेला नावं ठेवणार नाही. पाठीचा कणा कसा धरायचा हे मला तिथेच कळलं, चक्कर घेताना आजही ते कामी येतं. आणि रस्ता बंद आहे असंही नाही. बॅलेशिक्षक येहुदा माओर यांच्याकडे मुंबईत शिकलेला अमिरुद्दीन शाह २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला गेलाच की. पण महिन्याला पगार देणाऱ्या कंपन्या बहुतेक परदेशात, आणि त्या घेतात विशीच्या आसपास.

माझं घोडं अडलं ते जमिनीपाशी. बॅलेला खाली पोकळी ठेवलेली लाकडी जमीन लागते, वर विनाइल. उडीवरून उतरलं की ती किंचित दबते. सुट्टीत गावी आलो की घरात शहाबादी फरशी, गच्चीवर कोबा. मंगल कार्यालयाचा हॉल मागून बघितला, तर टाइल्स इतक्या गुळगुळीत की राळ लावूनही बूट सटकायचे. सुताराकडून प्लायवूडचा चौथरा करून घेतला, तो पावसाळ्यात फुगला. (आई त्यावर वाळवणं घालायची, तेवढा उपयोग झाला.) बरं, रियाज थांबवावा तर आठवड्यात अंग आखडतं, चालू ठेवावा तर रात्री नडग्या ठणकतात. चांगला गुरू मिळेल, बूट मागवता येतील. जमीन कुठून आणणार?

कथकमध्ये टाचा दुखत नाहीत असं नाही. तरी त्याच फरशीवर तत्कार, म्हणजे तालावर पाय आपटण्याचं काम, करतो आणि दुसऱ्या दिवशी नीट चालतो. माझ्यापुरतं एवढं पुरे झालं.

वयाचाही हिशेब आहे. बॅलेत पस्तिशी-चाळिशीत बहुतेकांचा रंगमंच सुटतो. कथकचे गुरू बिरजू महाराज सत्तरीनंतरही नाचत होते. सगळ्यांचं तसं होत नाही, पण अभिनय आणि लयकारी (लयीशी खेळणं) वयाबरोबर पिकते खरी. शिवाय शिक्षण इथेच आहे. संभाजीनगरचं महागामी गुरुकुल १९९६ पासून कथक आणि ओडिसी शिकवतंय. विशारदची परीक्षा झाली की क्लास काढता येतो. पैसा बेताचाच, कार्यक्रमांचं मानधन तर विचारूच नका, पण घर सुटत नाही.

मूल आठ-दहा वर्षांचं असेल आणि तुम्ही मुंबईला बिऱ्हाड हलवायला तयार असाल, तर बॅलेचा विचार जरूर करा. मग क्लासची फी विचारण्याआधी चपला काढून तिथल्या जमिनीवर दोन उड्या मारून बघा.